गाणं संपल्यावरचं वाक्य

आमच्या घरात इंग्रजीतून आलेली प्रत्येक गोष्ट शनिवारपर्यंत थांबते. स्वयंपाकाच्या खोलीत दाराच्या वर एक फळी आहे, तिच्यावर ती ठेवली जाते. औषधाचं पाकीट, विजेचं बिल, फवारणीच्या बाटलीसोबत आलेला घडीचा कागद, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. मी वर्ध्याजवळच्या कॉलेजच्या होस्टेलवर राहते. शनिवारी आर्वीवरून जाणाऱ्या एसटीने कारंजाला उतरते, तिथून ऑटोने गावात येते. हातपाय धुवून झाले की आई फळीवरचं एकेक खाली काढते आणि माझ्यासमोर ठेवते. आई चौथी शिकली. बाबा हायवेवरच्या एका ढाब्यावर तंदूरवर रोट्या लावतात, त्यांना सही येते आणि ट्रकांच्या नंबर प्लेटी वाचता येतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ती फळी माझीच आहे, असं सगळे धरून चालतात. मलाही ते आवडतं, हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही.

यंदा उन्हाळा लागता लागता एका शनिवारी फळीवर आईचा बटणांचा फोन होता, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला.

"याच्यात काईतरी विचारून राह्यला तो," आई म्हणाली. "मंगळवारपासून विचारून राह्यला. मी काई दाबलं नाई."

म्हणाली म्हणजे कुजबुजली. आईचा आवाज आता तेवढाच आहे.

शेजारची मावशी दारात उभी होती. तिने उरलेलं सांगितलं. "मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हने, हो दाबा, कार्ड नवं होऊन जाते. पन तुही माय आयकते थोडी. म्हने, जे मले वाचता येत नाई त्याले हो कसं म्हनू. फोन घेतला न चालली घरी."

मी फोन सुरू केला. मेमरी कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का, असा प्रश्न होता. खाली हो आणि नाही. हो दाबलं असतं तर कार्ड खरंच पुन्हा चाललं असतं, पण त्याच्यात काहीच उरलं नसतं.

त्या कार्डात आईचं गाणं होतं.

आईच्या गळ्यातली गाठ काढली त्याला आता दोन वर्षं होतील. गाठ आवाजाच्या नसेला धरून बसलेली होती. आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच नीट समजावून सांगितलं होतं. आईने विचारलं होतं, "जीव राह्यते न?" मग ती तयार झाली. जीव राहिला. त्याआधी मात्र आईचा आवाज असा होता की तिने मला घरून हाक मारली की ढाब्यावर बाबा म्हणायचे, पोरगी अजून खेळूनच राह्यली वाटते. विहारात ती गायची. एक गाणं तिने स्वतःच जुळवलं होतं, लेकीला शाळेत सोडायला निघालेल्या बाईचं. वाट दावली बापानं, चालली माही लेक, असं त्याचं धृपद. बाबा ढोलकी वाजवायचे, बाकीच्या बाया मागे म्हणायच्या. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी ते गाणं झाल्याशिवाय बाया उठायच्या नाहीत.

मी बारावीत असताना ओसरीत बसून ते गाणं आईच्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. दुपार होती, आई आणि बाबा दोघंच. बाबांनी ढोलकी न घेता पिंपावर बोटं वाजवली होती. त्यानंतर ऑपरेशन झालं, आणि घरात ते कोणी लावलं नाही. मावशीने एकदा विषय काढला तर आईने मान हलवली. मी दर शनिवारी मनात म्हणायची, यावेळी माझ्या फोनवर घेऊन जाईन, आणि आईसमोर ते काढायची हिंमत व्हायची नाही. यंदा मात्र बायांनी फार धरलं. तू गात नाही तर निदान लाऊडस्पीकरवर तरी लावू दे, म्हणाल्या. आई कधी नव्हे ते हो म्हणाली. मंगळवारी तिने स्वतः फोन उघडला, आणि फोनने तो प्रश्न विचारला.

सगळ्यांना गाणं हवं होतं. मलाही हवंच होतं. पण माझं मन अडकलं होतं ते गाण्यानंतर. गाणं संपल्यावर मी रेकॉर्डिंग लगेच बंद केलं नव्हतं. आई हसली होती आणि म्हणाली होती, "झालं न व, बंद कर आता. चहा मांडते." एवढंच. आईच्या साध्या, रोजच्या बोलण्याचा आवाज तेवढाच कुठे तरी साठवलेला होता. गाण्याचा आवाज मला अजून आठवतो. बोलण्याचा आठवायला गेले की हल्ली कुजबुजच आठवते. होस्टेलवर फोन येतो तेव्हा बाबा बोलतात आणि आई बाजूला उभी असते. "आई म्हनते, जेवली काय. आई म्हनते, रात्री उघड्यावर झोपू नको." आई स्वतः फोन घेते तेव्हा मला नुसता वारा ऐकू येतो.

मी कार्ड काढून कागदात बांधलं आणि सोमवारी कॉलेजला घेऊन गेले.

योग असा की माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच गोष्टीवर होता. एका फ्लॅश मेमरीच्या चिपसाठी ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे चिपमधलं वाचणारा आणि चिपमध्ये लिहिणारा प्रोग्राम. बाबांनी ढाब्यावर सांगून टाकलं होतं, माही पोरगी ड्रायव्हर लिहिते. ट्रकवाले विचारायचे, "लायसन कोन देते तिले?" बाबा म्हणायचे, "कॉलेज देते. तुमच्यासारखं दलालाकडून नाई काढत ते."

फ्लॅश मेमरी बिनचूक नसते, हे मला प्रोजेक्टमध्येच कळलं. तिचे छोटे छोटे भाग असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. अगदी नव्या चिपमध्येही काही ब्लॉक खराब असतात. कारखान्यातून निघतानाच त्यांच्यावर खूण केलेली असते, आणि ड्रायव्हरने पहिल्यांदा त्या खुणा वाचून घ्यायच्या असतात, म्हणजे तिथे काही ठेवलं जात नाही. चांगले ब्लॉकही वापराने थकतात. लिहिलेलं थोडं थोडं बदलत जातं. म्हणून प्रत्येक मजकुरासोबत थोडा जास्तीचा हिशेब लिहून ठेवतात, त्याच्यावरून छोट्या चुका दुरुस्त करता येतात. चूक मोठी झाली की तो हिशेब पुरत नाही. मग ड्रायव्हर पुन्हा वाचून पाहतो, जरा वेगळ्या रीतीने वाचून पाहतो, आणि तरीही जमलं नाही तर वाचता आलं नाही असं वर कळवतो. आमच्या सरांचा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर होता. मी एकदा वाचता न आलेल्या जागी शून्यं भरून पुढे पाठवली होती, कारण तसं केलं की प्रोग्राम अडत नव्हता. सर म्हणाले, "अडू दे. चुकीचं वाचून बरोबर आहे म्हणून देणारा ड्रायव्हर नसलेला बरा."

मेमरी कार्डात हे सगळं काम आतला एक बारीकसा कंट्रोलर करतो. आपल्याला दिसत नाही. तोच थकला की कार्ड असं वागतं.

लॅबमध्ये माझी जोडीदार पुलगावची. तिचं तोंड एक मिनिट बंद नसतं आणि माझं उघडत नाही, म्हणून सरांनी आमची जोडी लावली असावी. आम्ही कार्ड आधी लॅपटॉपला लावून पाहिलं. फाइलचं नाव दिसलं. कॉपी सुरू झाली, बरीच पुढे गेली, मग थांबली, आणि शेवटी एरर येऊन बंद झाली; आलेलंही पुसलं गेलं. पुन्हा लावलं तर नावही दिसेना.

सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आता लॅपटॉपला लावू नका. लॅपटॉप उतावळा असतो. तुम्ही एक मागाल तर तो पुढचे शंभर मागतो, आणि त्यातला एक नाही आला की पुन्हा सगळेच मागतो. थकलेल्या कार्डाला ते झेपत नाही. तुमचा प्रोजेक्टचा सर्किट बोर्ड आहे ना? त्याला जोडा. स्वतः लिहा. एका वेळी एक सेक्टर मागा, हळू."

सेक्टर म्हणजे कार्ड एका वेळी देऊ शकतं तो सगळ्यात लहान तुकडा. त्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये एका सेक्टरात पापणी लवण्याएवढा आवाज मावतो.

आम्ही कार्डाला तारा जोडल्या. प्रोग्राममधून लिहिण्याचा सगळा भाग मी पुसून टाकला. हात चुकला तरी कार्डावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून. मैत्रीण म्हणाली, "कंपास पेटीतून पेन्सिलच फेकून देली म्हन की." बोर्डाच्या घड्याळाचा, म्हणजे कार्डाकडे मागण्याचा, वेग कमी केला. एक सेक्टर मागायचा, तपासायचा, ठेवायचा, थोडं थांबायचं. नाही आला तर त्याचा नंबर लिहून पुढे जायचं आणि नंतर परत यायचं.

"कुठून सुरू करू?" मैत्रिणीने विचारलं.

लॅपटॉपची कॉपी कुठे अडली होती ते आम्हाला माहीत होतं, फाइलच्या अगदी शेवटाजवळ. म्हणजे कार्डाचा आजारी भाग तोच. गाणं बहुतेक चांगल्या जागेत होतं, आणि आई जिथे हसली, बोलली, ते त्या आजारी जागेत. शेवट मोजकाच होता. आधी तोच मागावा, असं मला फार वाटलं. पण आजारी जागा मागितली की कंट्रोलर तिथेच झटत बसतो, तापतो, आणि कधी कधी परत येत नाही. मग गाणंही गेलं असतं. सरांनी सांगितलं होतं, आधी जे सहज येतं ते काढून घ्या, दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी.

"सांग न," मैत्रीण म्हणाली. "काय विचार करून राह्यली?"

"शेवटी आई बोललेली आहे," मी म्हणाले.

"काय बोलल्या?"

"काही नाही. चहा मांडते म्हणाली."

तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, "तुह्यावर आहे. मी काई म्हनत नाई."

मला विहारातल्या बाया आठवल्या, फडक्यात गुंडाळलेला फोन आठवला. आई हो म्हणाली होती ती गाण्याला. त्या वाक्याबद्दल तिला माहीतही नसावं. मी सुरुवातीचा नंबर टाकला.

सेक्टर येत गेले. स्क्रीनवर एक ओळ सरकायची, ठीक, ठीक, ठीक. मी ते वाचत बसले, जसं काही माझ्या वाचण्यामुळेच ते येत होते. कार्ड कोमट लागायला लागलं की आम्ही थांबायचो. मैत्रिणीने मेसच्या फ्रिजमधून बर्फाची पिशवी आणली आणि कार्ड ठेवलेल्या डबीवर ठेवली. मेसच्या काकांनी विचारलं तर तिने, मैत्रिणीच्या आईले थंड पाह्यजे, असं सांगून दिलं. गाण्याच्या मध्ये, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, लॅपटॉपने पार केलेल्या जागेतलेच काही सेक्टर ओळीने आले नाहीत, कार्ड आणखी थकलं होतं. त्यांचे नंबर लिहिले. पुढचं पुन्हा ठीक यायला लागलं. त्या आठवड्यात तास संपले की आम्ही लॅबमध्ये यायचो, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत गाणं संपूर्ण आलं, तेवढी मधली जागा सोडून. मधल्या जागेवर आम्ही आणखी हळू परत गेलो. कार्डाने काही सेक्टर दिले, काही दिलेच नाहीत.

मग शेवट. पहिल्याच सेक्टरला कार्डाने बराच वेळ घेतला आणि एरर दिली. दुसऱ्याला एरर. तिसऱ्याला. वेग कमी केला, बर्फ बदलला, उलटीकडून, म्हणजे फाइलच्या टोकाकडून मागे येत पाहिलं. एक सेक्टर आला. बाकी एरर. मग कार्डाने एररही दिली नाही. वीज बंद करून सुरू केली, पहिलाच आदेश पाठवला, जागं हो, एवढाच. उत्तर आलं नाही. मैत्रिणीने तारा हलवून पाहिल्या. मी पाहिल्या. सर आले, त्यांनी दुसरं कार्ड लावून बोर्ड बरोबर असल्याची खात्री केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "संपलं असावं."

तो आलेला एक सेक्टर मी हेडफोन लावून ऐकला. पापणी लवण्याएवढा आवाज. तो हसण्याचा तुकडा असेल, शब्दाचा असेल, पिंपावरून बोट उचलल्याचा असेल. कितीही वेळा ऐकलं तरी सांगता येत नाही.

मधल्या रिकाम्या जागेचं काय करायचं, हे राहिलं होतं. मैत्रीण म्हणाली, "धृपद चार वेळा आहे न? त्याच्यातला तुकडा उचल आन लाव तिथं. आवाज त्याहीचाच आहे. लाऊडस्पीकरवर कोनाले समजनार?" करता आलं असतं. मी तुकडा कापूनही पाहिला, बरोबर बसत होता. मग काढून टाकला. सरांच्या भीतीने नाही. आईने तिथे जे म्हटलं होतं ते हे नव्हतं, एवढंच मला वाटलं. मी ती जागा गप्प ठेवली.

शनिवारी घरी पोचले तेव्हा बाबा ढाब्यावर निघायच्या तयारीत होते. मी आले म्हणून बसले. मावशी आलीच होती. आई दाराशी टेकून गहू निवडत होती. मी माझा फोन ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि लावलं.

आईचा आवाज आला. इतका मोठा आला की मावशीने मागे वळून पाहिलं. आईने सुपातले हात थांबवले नाहीत, फक्त गव्हाकडे पाहणं सोडलं. बाबा भिंतीकडे पाहत होते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी गाणं एकदम गप्प झालं. मला घाबरल्यासारखं झालं. तेवढ्यात ठेका ऐकू आला. बाबांची बोटं पिंपावर चालली होती, आत्ताची बोटं, आणि आवाज परत आला तेव्हा ते बरोबर समेवर होते. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

"तिथं काय झालं?" आईने विचारलं. ऐकायला मला वाकावं लागलं.

"तिथलं वाचता नाही आलं. बाकीचं निघालं."

"दुसरं काई लावून देलं नाई न तिथं?"

"नाही."

"बरं केलं."

गाणं संपलं. धृपदाची शेवटची ओळ झाली आणि पुढे काही नाही, एकदम बंद. मला ठाऊक होतं तरी मी फोनकडे पाहत राहिले. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय आवाज होता माय तुहा." बाबांनी चप्पल घातली. "जयंतीले ढोलकी काढा लागते," ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "वादीबिदी ढिली झाली अशीन." आणि निघून गेले.

आई सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकली.

"याच्यानंतर मी काईतरी म्हटलं होतं न?"

मी तिच्याकडे पाहिलं. "तुले आठवते?"

"म्हटलं होतं एवढं आठवते. काय म्हटलं ते नाई आठवत. नाई निघालं काय ते?"

"नाही निघालं."

"काय म्हटलं होतं मी?"

मला ते तिच्यासारखं म्हणता येईना. मी साधंच सांगितलं. "झालं न व, बंद कर आता. चहा मांडते."

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "मांडते मंग," म्हणाली. जाता जाता माझ्या हातातलं मेलेलं कार्ड घेतलं आणि सवयीने दाराच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

ऑपरेशननंतर आईला हाक मारता येत नाही. आतून कोणाला बोलवायचं असलं की ती गंजावर, म्हणजे पातेल्यावर, सांडशी वाजवते. बाबांसाठी एकदा, माझ्यासाठी दोनदा. होस्टेलवर मेसमध्ये भांडी वाजतात तेव्हा मी उगीच मान वर करते. त्या दिवशी मी ओसरीतच बसून होते, मावशी तिच्या घरी गेली होती, फोनचा स्क्रीन विझला होता. आतून चहाचा वास आला. मग गंजावर सांडशी वाजली, दोनदा.

पुन्हा वाजावी म्हणून मी लगेच उठले नाही.